टेबल माउंटनच्या ओढ्यातला बेडूक: विज्ञान प्रदर्शनासाठी वाहत्या पाण्याची प्रतिकृती

शाळेच्या प्रदर्शनात बेडकाची प्रतिकृती म्हटली की निळा रंग दिलेलं डबकं, थर्माकोलचं कमळ आणि पानावर बसलेला हिरवा बेडूक हमखास दिसतो. टेबल माउंटन घोस्ट फ्रॉग दाखवायचा असेल तर हा साचा पूर्ण बाजूला ठेवावा लागतो. या बेडकाचं शरीर, त्याच्या टॅडपोलचं (पाण्यात वाढणाऱ्या शेपटीवाल्या पिल्लाचं) तोंड, त्याचं वाढीचं वेळापत्रक, सगळं वाहत्या पाण्याशी बांधलेलं आहे. त्यामुळे प्रतिकृतीत पाणी खरोखर वाहायला हवं, आणि टॅडपोल त्या पाण्यात खरोखर चिकटून राहायला हवा. सोलापुरात मिळणाऱ्या सामानात हे नीट जमतं. साधारण तीन आठवडे हातात ठेवा. त्यातला निम्मा वेळ सिमेंट मुरण्यात जातो.

आधी बेडूक

शास्त्रीय नाव हेलिओफ्राइन रोझी. १९२५ मध्ये ह्युइट यांनी या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन शहराला लागून असलेल्या टेबल माउंटनच्या पूर्व आणि दक्षिण उतारांवरच्या मोजक्या ओढ्यांत तो राहतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही. डोंगराची उंची १,०८५ मीटरच्या आसपास. किर्स्टनबॉश बागेच्या वर चढत जाणारी स्केलेटन गॉर्ज ही या ओढ्यांची प्रसिद्ध घळ. घळीत दाट, सावलीचं जंगल, ओले खडक, नेचे आणि बारमाही थंड पाणी असतं. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक लाल यादीत ही जात अतिशय संकटग्रस्त गटात आहे.

प्रौढ बेडूक ५ ते ६ सेंटिमीटरचा. रंग फिकट हिरवा, त्यावर तपकिरी-जांभळट ठिपके. डोकं आणि अंग चपटं, म्हणजे कपारीत शिरता येतं. बोटांची टोकं त्रिकोणी पसरलेली, डोळ्याची बाहुली उभी. तो रात्री हिंडतो.

प्रदर्शनाचा खरा नायक मात्र टॅडपोल आहे. त्याच्या डोक्याच्या खालच्या बाजूला तोंडाभोवती मोठी चूषक चकती असते. चकतीने तो धारेतल्या दगडाला घट्ट धरतो आणि दातांच्या बारीक ओळींनी दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. टॅडपोलचा बेडूक व्हायला वर्षाहून जास्त काळ लागतो. म्हणजे ओढा एक अख्खा कोरडा उन्हाळा पार करून वाहता राहिला, तरच पिढी तयार होते.

आपल्याकडचा पिवळाधम्मक होणारा मोठा बेडूक याच्या अगदी उलट वागतो. पहिल्या मोठ्या पावसात शेतातल्या डबक्यात अंडी, आणि डबकं आटायच्या आत, महिना-दीड महिन्यात, पिल्लं चालती. सोलापूरचा पाऊस मुळात कमी, तोही बेभरवशाचा. इथे घाई करणारी जातच टिकते. ही तुलना प्रतिकृतीशेजारी एका तक्त्यावर अवश्य द्या. बघणाऱ्याला परका बेडूक ओळखीच्या बेडकामुळेच लवकर कळतो.

सामान

पाया म्हणून १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा ५ फूट बाय २ फूट तुकडा. सांगाड्याला दीड इंची लाकडी पट्ट्या. डोंगराचा आकार द्यायला टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतलं जुनं थर्माकोल. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी, साधारण दीड चौरस मीटर. सिमेंट ८ किलो, चाळलेली वाळू २५ किलो, वॉटरप्रूफिंगचं द्रावण ३० मिलिलिटर. प्लास्टिकचा ३५ ते ४० लिटरचा टब, उंची २५ सेंटिमीटरच्या आत. डेझर्ट कूलरचा १८ वॅटचा पंप आणि त्याच्या तोंडाला बसणारी दोन मीटर नळी, नळीवर एक बॉल व्हॉल्व्ह. गुळगुळीत ग्लेझ्ड टाइल, ३० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद कापून घेतलेली. सिलिकॉन सीलंटची एक नळी, कॉर्नफ्लोअरचं पाकीट, मागे खुंट असलेली २० मिलिमीटरची रबरी चूषक बटणं, इपॉक्सी पुटी, ॲक्रिलिक रंग, दोन तापमापक, २ किलोपर्यंतचा स्प्रिंग काटा.

कूलरचा पंप सोलापुरात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. हिवाळ्यात मात्र बऱ्याचदा मागच्या हंगामातला उरलेला माल असतो. दुकानातच बादलीत चालवून बघा. घुर्र आवाज करणारा घेऊ नका, त्याच्या पंख्याची दांडी घासत असते. असा पंप प्रदर्शनाच्या दिवशी, गर्दी जमल्यावरच बंद पडतो.

सांगाडा आणि उतार

सांगाडा पायाच्या प्लायसकट दोन भागांत करा. एकसंध केला तर वर्गाच्या दारातून निघत नाही आणि गाडीत चढवताना मधोमध तडकतो. वरच्या भागात वरचा डोह, टाइलची घसरण आणि मधला डोह. खालच्या भागात ४० सेंटिमीटर लांबीचा खडकाळ प्रवाह, जो टबात पडतो. मधल्या डोहाची ओठासारखी कड खालच्या भागावर ५ सेंटिमीटर पुढे आलेली ठेवा. पाणी आपोआप खाली पडतं, सांधा भरायची गरज उरत नाही.

उंची अशी धरा: वरच्या डोहातलं पाणी पायापासून ६० सेंटिमीटरवर, टाइल संपते तिथे ४६, मधल्या डोहाची कड ४४ वर, खालच्या प्रवाहाचं टोक ३० वर. टाइलचा उतार २८ अंशांच्या आसपास येतो. उतार २० च्या खाली गेला तर पुढच्या प्रयोगात बिनचकतीचा टॅडपोलही जागेवर बसून राहतो आणि दाखवायचं काही उरत नाही. ४० च्या वर गेला तर पाणी टाइल सोडून उडतं.

डोह २० बाय २० सेंटिमीटर, खोली ६. टाइलच्या दोन्ही बाजूंना गिलाव्याच्या कडा करून मधे फक्त ६ सेंटिमीटरची वाट मोकळी ठेवा. वाट रुंद ठेवण्याचा मोह होतो, कारण रुंद ओढा दिसायला छान. पण एका कूलर पंपाचं पाणी १५ सेंटिमीटरवर पसरलं की नुसता ओलावा दिसतो, धार दिसत नाही.

गिलावा

सिमेंट थर्माकोलला धरत नाही, म्हणून जाळी लागतेच. ती थर्माकोलला तारेच्या आकड्यांनी पक्की करा आणि मधे बोटभर पोकळी राहणार नाही असं दाबून बसवा. पोकळी राहिली की तिथला गिलावा पोकळ वाजतो आणि पाण्याच्या वजनाने फुटतो.

मिश्रण एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू. वॉटरप्रूफिंगचं प्रमाण ५० किलोच्या गोणीला २०० मिलिलिटर असतं, म्हणून ८ किलोला ३० मिलिलिटर पुरतं. हे द्रावण पाण्यात मिसळा, कोरड्या सिमेंटवर ओतू नका. पहिला हात अर्धा सेंटिमीटर, थापीने ओरखडे काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी एक सेंटिमीटरचा दुसरा हात. टाइल या दुसऱ्या हातात बसवा आणि तिच्या कडा सिमेंटच्या घट्ट पेस्टने बुजवा.

इथे सोलापूरची हवा आडवी येते. कोरड्या वाऱ्यात पातळ गिलावा दोन तासांत पांढरा पडतो आणि केसासारख्या भेगा पडतात. काम सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर करा. हात संपला की ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक. सात दिवस गोणपाट कोरडं पडू देऊ नका. नळाला रोज पाणी येत नसेल तर या सात दिवसांसाठी बादलीभर पाणी वेगळं राखून ठेवा. ओल कमी पडली की गिलावा ठिसूळ होतो, आणि वरून रंग कितीही दिला तरी गळती थांबत नाही.

टेबल माउंटनच्या कड्यांचा दगड वालुकाश्म आहे, फिकट राखाडी, मधेच गुलाबी-पिवळसर झाक असलेला. आपला दगड काळा बेसाल्ट. सवयीने सगळं काळं रंगवलं तर डोंगर सह्याद्रीचा होतो. वरच्या हातात पिवळा आणि लाल ऑक्साइड थोडा थोडा मिसळा, दोन्ही मिळून सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत. जास्त घातला तर गिलाव्याची ताकद कमी होते.

त्या ओढ्यांचं पाणी कुजलेल्या पाल्यामुळे फिकट तपकिरी आणि आम्लधर्मी असतं. रंग आणायला टबात चहा ओतण्याची कल्पना हमखास कुणीतरी मांडतं. तसं करू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, वास सुटतो आणि पंपात चिकट थर बसतो. त्याऐवजी डोहांचा तळच पातळ तपकिरी रंगाने रंगवा आणि वर वॉटरप्रूफ वॉर्निश लावा. वरून स्वच्छ पाणी वाहिलं तरी ते तपकिरीच दिसतं.

पाणी सोडणं

नवं सिमेंट चुना सोडतं. सात दिवसांनंतर पाणी भरून एक दिवस ठेवा, फेकून द्या, असं तीनदा करा. नाहीतर पाणी अल्कधर्मी होतं, हात कोरडे पडतात आणि कडेला लावलेली झाडं पिवळी पडतात.

शेवटचं पाणी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर दोन दिवसांत खडकावर पांढरे ओघळ उमटतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी वाचवून वापरावंसं वाटतं, पण त्यात क्षार आणखी जास्त असतात. टाइलवर पांढरा थर आलाच तर व्हिनेगरच्या फडक्याने पुसा. व्हिनेगर सिमेंटला लागू देऊ नका, ते सिमेंट खातं.

पंप सुरू करा आणि वरच्या नळीखाली १ लिटरचा मग धरा. मग ६ सेकंदांत भरला तर प्रवाह ताशी ६०० लिटर. हे पुरेसं आहे. १० सेकंद लागत असतील तर नळी कुठेतरी मुडपलेली आहे किंवा पंपाची जाळी तुंबली आहे. दोन्ही ठीक असतील तर दुसरा पंप वेगळ्या नळीने जोडा.

नळीचं वरचं तोंड डोहातल्या पाण्याच्या वर ठेवा. पाण्यात बुडवून ठेवलं तर वीज जाताच सायफन सुरू होतो, वरचा डोह उलटा टबात उतरतो आणि टब ओसंडून प्रदर्शनाच्या टेबलावर पाणी. याच कारणाने टबात सुरुवातीला २५ लिटरच पाणी ठेवा, काठोकाठ भरू नका. पंप बंद झाला की वाटेतलं पाणीही खालीच येणार असतं.

पंप कधीही कोरडा चालवू नका, काही मिनिटांत जळतो. हवा कोरडी असल्याने दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडून जाणं साहजिक आहे. दर दोन तासांनी पातळी बघायची जबाबदारी एकाला द्या.

विजेबद्दल कुठलीही तडजोड नको. पंप २३० व्होल्टवर चालतो आणि आजूबाजूला मुलं ओल्या हातांनी उभी असतात. अर्थिंग असलेला तीन पिनचा प्लग, आणि मधे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावाच. वायर सॉकेटकडे जाण्याआधी एकदा खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी त्या झुकावावर थेंबाथेंबाने गळून जातं, सॉकेटपर्यंत पोचत नाही. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद. टॅडपोलच्या प्रयोगात पाण्यात हात जातोच, म्हणून टॅडपोल लांब लाकडी चिमट्याने ठेवायची सवय लावा.

तीन टॅडपोल

प्रतिकृतीचा जीव या भागात आहे. घाई करू नका.

खरा टॅडपोल पाच-सहा सेंटिमीटरचा असतो. तेवढं लहान चूषक बटण मिळत नाही, म्हणून दुप्पट आकार घ्या: लांबी ११ सेंटिमीटर, पैकी डोकं-धड ४, बाकी शेपूट. "दुप्पट आकार" ही चिठ्ठी शेजारी लावा.

सिलिकॉन आणि कॉर्नफ्लोअर सारख्या मापाने कालवा. पिठाच्या गोळ्यासारखं होतं आणि तासाभराच्या आत आतपर्यंत घट्ट होतं. नुसतं सिलिकॉन वापरलं तर ते हवेतली आर्द्रता शोषून बाहेरून आत घट्ट होत जातं. सोलापूरच्या कोरड्या हवेत दोन सेंटिमीटर जाडीचा गोळा कित्येक दिवस आत चिकट राहतो. हाताला भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावा, म्हणजे मिश्रण चिकटत नाही. काम उघड्या खिडकीशी करा, आंबट उग्र वास येतो.

पहिला टॅडपोल: चपटं धड, खालून सपाट, शेपूट स्नायूसारखी जाड, तिच्या कडेचे पडदे अरुंद. डोक्याच्या तळाशी चूषक बटण. सिलिकॉन रबराला नीट धरत नाही, म्हणून बटणाच्या खुंटातून नायलॉनचा दोरा ओवा, दोऱ्याला दोन गाठी मारा आणि खुंट पूर्ण गोळ्यात दाबून बसवा. बटणाची कड धडाच्या खाली दोन मिलिमीटर बाहेर राहायला हवी. आत गेली तर टेकत नाही, जास्त बाहेर राहिली तर पाणी खालून शिरून टॅडपोल उचलतं.

दुसरा: तसाच चपटा, पण बटण नाही.

तिसरा: डबक्यातला टॅडपोल. गोल पोट, तोंड पुढच्या टोकाला लहान, शेपटीचे पडदे उंच आणि पातळ.

तिघांचं वजन सारखं करा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला आणि हलक्या टॅडपोलच्या पोटात बारीक खडा दाबा. वजन वेगळं राहिलं तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील, आणि तो बरोबर असेल.

दुसरा टॅडपोल बहुतेक जण गाळतात. तो नसेल तर पहिला टिकला आणि तिसरा वाहून गेला, एवढंच दिसतं. टिकण्याचं कारण चपटेपणा की चकती, हे सांगता येत नाही. दुसरा टॅडपोल ठेवला की उत्तर समोर घडतं: चपटं अंग पाण्याला कमी आडवं येतं, म्हणून तो तिसऱ्यापेक्षा उशिरा घसरू शकतो, पण चकतीशिवाय २८ अंशांच्या धारेत टिकून राहत नाही.

व्हॉल्व्ह पाव उघडा, टॅडपोल डोकं वरच्या दिशेला करून टाइलवर ठेवा. पहिल्याला चिमट्याने हलकं दाबा. मग व्हॉल्व्ह अर्धा, पाऊण, पूर्ण. प्रत्येक टप्प्याला दहा सेकंद थांबा, घसरला की नोंद करा. प्रत्येक टॅडपोलचे पाच प्रयोग घ्या आणि पाचही आकडे तक्त्यावर लिहा, नुसती सरासरी नको. पाण्याचा वेग हवा असेल तर टाइलच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा करा, कागदाचा कपटा सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. डोळ्यांनी वेळ घेण्याचा प्रयत्न फसतो, ३० सेंटिमीटरचं अंतर कपटा अर्ध्या सेकंदाच्या आसपास पार करतो.

शेवटी पहिल्याच्या शेपटीला दोरा बांधून स्प्रिंग काट्याने उताराच्या दिशेने हळूहळू ओढा आणि सुटण्याच्या क्षणाचा आकडा वाचा. झटका दिला तर आकडा खोटा येतो. २० मिलिमीटरच्या बटणाचं क्षेत्रफळ ३.१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आतली सगळी हवा निघाली असं धरलं तर सरळ वर ओढताना जास्तीत जास्त सुमारे ३ किलोचा भार पेलेल. प्रत्यक्षात आकडा बराच खाली राहतो, कारण आत थोडं पाणी आणि हवा उरते आणि कड एका बाजूने उचलली जाते. हा हिशेब आठवी-नववीच्या मुलांना करायला द्या, हवेचा दाब एकदम हाताशी येतो.

एक मर्यादा चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. रबरी बटण फक्त गुळगुळीत टाइलवर धरतं. सिमेंटच्या खडबडीत खडकावर कडेखालून हवा शिरते आणि ते निसटतं. खऱ्या टॅडपोलचा ओठ मऊ असतो, दगडाच्या उंचसखलपणात बसतो. आपली प्रतिकृती तत्त्व दाखवते, त्या ओठाची बरोबरी करत नाही.

थंड पाणी

दोन तापमापक लावा, एक टबात, एक मधल्या डोहात. शेजारी हा तक्ता: गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला जास्तीत जास्त विरघळणारा ऑक्सिजन १० अंश सेल्सिअसला लिटरमागे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१, ३० अंशांना ७.६. सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने इथे प्रत्येक आकडा सुमारे ५ टक्क्यांनी कमी धरा. थंड आणि खळाळतं पाणी म्हणजे भरपूर ऑक्सिजन, हे त्या ओढ्याचं गणित.

बर्फाचा हिशेब आधीच करा. हिवाळ्यातल्या प्रदर्शनात पाणी २५ अंशांवर असेल तर २२ लिटरमध्ये २ किलो बर्फ टाकल्यावर ते १६ अंशांच्या आसपास येतं. मार्च-एप्रिलमध्ये ३२ अंशांचं पाणी असेल तर ३ किलो बर्फ टाकूनही साडेअठराच. बर्फ टाकायचा म्हणून सुरुवातीचं पाणी २५ ऐवजी २२ लिटर. पंपही पाणी तापवतो: १८ वॅट, २५ लिटर, उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर तासाला ०.६ अंश. मुलांनी दर अर्ध्या तासाला दोन्ही तापमापकांची नोंद ठेवली तर पाणी किती वेगाने पुन्हा खोलीच्या तापमानाकडे जातं याचा सुंदर आलेख मिळतो. वरच्या जंगलाची सावली काढून घेतली की ओढ्याचं काय होईल, हे या आलेखावरून सहज सांगता येतं.

केपटाउनला पाऊस मे ते ऑगस्टमध्ये पडतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणाच्या सरी असतात तेव्हा तिकडे हिवाळ्यातला थंड पाऊस. त्यांचा उन्हाळा, डिसेंबर ते फेब्रुवारी, कोरडा. त्या दिवसांत आग्नेयेचा वारा डोंगरमाथ्यावर ढगाची चादर पांघरतो आणि तिच्यातल्या बाष्पाने ओढ्यांना पाणी मिळत राहतं.

गाळ आणि आटणं: स्वतंत्र ताटात

या बेडकाला असलेले धोके फलकावर लिहून कुणी वाचत नाही. करून दाखवा. टाइलचा एक उरलेला तुकडा ताटात तिरका ठेवा. स्वच्छ ओल्या टाइलवर पहिला टॅडपोल चिकटवा, काट्याने ओढा, आकडा लिहा. मग चाळलेली काळी माती दोन चमचे पाण्यात कालवून टाइलवर पातळ फासा आणि पुन्हा तेच करा. आकडा कोसळतो. पायवाटांची झीज आणि वणव्यानंतर उघडी पडलेली जमीन ओढ्यात गाळ आणते, तेव्हा टॅडपोलची पकड आणि त्याचं शेवाळ दोन्ही झाकली जातात.

हा प्रयोग मुख्य ओढ्यात कधीही करू नका. आपली काळी माती इतकी बारीक असते की ती दिवसेंदिवस खाली बसत नाही, पंपात जाते आणि उरलेला सगळा दिवस प्रतिकृती गढूळ.

पाणी कमी होण्याचा धोका मात्र मुख्य ओढ्यातच व्हॉल्व्ह फिरवून दाखवा. टेबल माउंटनच्या माथ्यावर शहरासाठी बांधलेले जलाशय आहेत, वुडहेड १८९७ चा आणि हेली-हचिन्सन १९०४ चा. वर पाणी अडलं की खालच्या ओढ्याचा प्रवाह बदलतो. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या शहराला धरणाची गरज समजावून सांगावी लागत नाही, म्हणून हा भाग इथल्या लोकांशी बोलताना दोन्ही बाजूंनी मांडा.

बेडूक आणि झाडं

प्रौढ बेडूक इपॉक्सी पुटीचा, खऱ्या आकाराचा करा. दोन्ही भाग सारखे मळा. गरम हवेत पुटी लवकर कडक होते, म्हणून एका वेळी लिंबाएवढीच घ्या. दोन पुरेत. त्यांना ओल्या कपारीत अर्धवट दडवा आणि "बेडूक शोधा" अशी पाटी लावा. उघड्या दगडावर ऐटीत बसवलेला बेडूक या जातीच्या सवयीशी जुळत नाही.

झाडांसाठी रोपवाटिकेतून हंसराजची दोन-तीन लहान रोपं आणून कुंडीसकट कडेला लपवा. घळीतलं मोठं झाड म्हणून यलोवुड तारेवर करता येतं, पानं अरुंद आणि गडद हिरवी. नारळ, बांबू, कमळ, जिराफ यांतलं काही नको. लाकडाचा रंगवलेला भुसा ओढ्याच्या जवळ पसरू नका, तो पहिल्या तासात पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो.

जिवंत बेडूक, अंडी किंवा टॅडपोल कुठल्याही तळ्यातून आणून यात सोडू नका. सिमेंटचं पाणी आणि पंपाचा ओढा त्यांना मारतो. शिवाय कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते, पाण्यातून पसरते आणि तिने जगभर बेडकांच्या अनेक जाती संपवल्या आहेत. एका तळ्यातलं पाणी दुसऱ्या तळ्यात नेणं हा तिच्या पसरण्याचा सोपा मार्ग, म्हणून प्रदर्शन संपल्यावर टबातलं पाणीही सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात ओतू नका. ते झाडांच्या आळ्यात घाला.

नेताना

पाण्याशिवाय प्रतिकृतीचं वजन ४५ किलोच्या आसपास भरतं. दोन्ही भाग वेगळे, प्रत्येकी दोन माणसं, पकड नेहमी प्लायच्या पायाला, डोंगराच्या कड्याला नाही. छोट्या टेम्पोत खाली जुन्या सोलापुरी चादरींच्या चार घड्या घाला, गतिरोधकाचा धक्का त्यात जिरतो. प्रदर्शन जानेवारीत असेल आणि गड्ड्याची यात्रा भरलेली असेल तर मध्यवर्ती रस्ते दिवसा तुंबतात, म्हणून सामान आदल्या संध्याकाळीच पोचवा. सोबत एक जादा पंप, दोन जादा चूषक बटणं, सिलिकॉनची उरलेली नळी, जुनी टॉवेलं आणि १० लिटर पाण्याचा कॅन. जागेवर पोचल्यावर आधी पाया समपातळीत आहे का ते पाण्याच्या लेव्हल ट्यूबने बघा. टेबल अर्धा सेंटिमीटर कललेलं असलं तरी टाइलवरची धार एका कडेला जाते, आणि टॅडपोलचे सगळे आकडे घरच्यापेक्षा वेगळे येतात.